समुद्रावरचें तेल आणि खानदेश

खानदेशास समुद्र नाहीं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीचीं टोकें आणि मधून तापी. ह्या चौकटींत राहणाऱ्या मनुष्यास भरती-ओहोटी पंचांगांतच भेटावयाची. तेव्हां समुद्रावर सांडणाऱ्या तेलाविषयीं, आणि तें सांडण्यापूर्वीं कोणती तयारी ठेवावी व सांडल्यावर काय करावें ह्याविषयीं, जळगांव-धुळ्याच्या वाचकांशीं कोणी बोलूं लागल्यास 'हें कोंकणास सांगा' असें उत्तर मिळणें स्वाभाविक आहे. आमच्या मतें तें उत्तर बरोबर नाहीं. तें कां बरोबर नाहीं हें कळण्यासाठीं थोडें मागें, घासलेटच्या डब्यापर्यंत, जावें लागेल.

खानदेशचें जुनें तेल घाण्याचें. तीळ, करडई, जवस, एरंडी हीं शेतांत पिकत, गांवच्या तेल्याच्या घाण्यावर गाळलीं जात आणि समईंत किंवा पणतींत जळत. ह्या तेलाचा प्रवास फार तर दोनचार कोसांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत भुसावळास आगगाडी आली, १९०० सालीं चाळीसगांवहून तिचा फांटा धुळ्यास गेला, आणि गाडीबरोबर परदेशी खनिज तेल आलें. लोकांनीं त्याचीं जीं दोन नांवें रूढ केलीं तीं दोन्ही इंग्रजींतून उचललेलीं. 'रॉक ऑइल' ह्याचें रॉकेल झालें आणि 'गॅस लाइट' ह्याचें घासलेट. प्रथम हें तेल अमेरिकेचें येई, पुढें रशियांतील बाकूचें येऊं लागलें. एका लांकडी खोक्यांत पत्र्याचे दोन डबे, अशीं हजारों खोकीं जहाजांत रचून तीं मुंबईस उतरत व तेथून देशावर येत. तेल संपल्यावर डबा घरांत राही. त्यांत पाणी भरीत, धान्य ठेवीत. फारच जुना झाला म्हणजे उघडून त्याचा पत्रा गोठ्याच्या छपरास मारीत.

ह्या डब्याची हकीकत आम्ही विनाकारण सांगत नाहीं. डबे भरलेलें जहाज बुडालें तर डबे बुडत, कांहीं फुटत, कांहीं किनाऱ्यास लागून कोळ्यांस सांपडत. परंतु समुद्राचा तवंग कोसच्या कोस पसरत नसे. तेल हजारों लहान भिंतींच्या आड असे. पण पत्रा, डाख, लांकूड आणि हमाली ह्यांचा खर्च फार. तो वांचविण्यासाठीं मार्कस सॅम्युअल ह्या लंडनच्या व्यापाऱ्यानें तेल जहाजाच्या पोटांतच मोकळें भरून नेण्याची युक्ति योजली, आणि त्याचें 'म्यूरेक्स' हें जहाज २४ ऑगस्ट १८९२ रोजीं रशियाचें रॉकेल घेऊन सुएझ कालव्यांतून पूर्वेकडे आलें. मोकळ्या तेलाची जहाजें त्यापूर्वींहि होतीं. पण पूर्वेचा मार्ग त्यांस ह्या दिवसापासून खुला झाला. पुढें मुंबईस शिवडीच्या बाजूस तेलाच्या मोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. तेल स्वस्त झालें, खेड्यापाड्यांत चिमणी पेटली, आणि घाण्याचा दिवा देवापुढें तेवढा राहिला. ह्या स्वस्ताईचा लाभ खानदेशानें घेतला तसा साऱ्या देशानें घेतला. मात्र डबा जाऊन जहाज हाच एक डबा झाला, आणि तो फुटला असतां किती तेल सांडेल ह्याचा विचार कोणी केला असल्याचें दिसत नाहीं.

विसाव्या शतकाच्या मध्यास तेलाचें जहाज पंधरावीस हजार टनांचें असे. १९६७ सालीं तें लाखाच्या पलीकडे गेलें होतें. त्या वर्षीं १८ मार्चला कुवेतचें सुमारें एक लक्ष वीस हजार टन कच्चें तेल नेणारें 'टॉरी कॅन्यन' इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर चढलें. इंग्रज सरकारपाशीं आरमार होतें, विमानदल होतें. सांडलेलें तेल आवरावें कसें ह्याची योजना मात्र नव्हती. हजारों टन साबणासारखीं द्रव्यें तेलावर ओतण्यांत आलीं. शेवटीं जहाजावर विमानांतून बाँब टाकून उरलेलें तेल पेटविण्याचा उद्योग झाला. पुढें शास्त्रज्ञांनीं किनारा तपासला तेव्हां असें आढळलें कीं, खडकावरचे शिंपले व इतर जीव तेलापेक्षां त्या द्रव्यांनींच अधिक मेले, आणि जेथें मनुष्याचा हात लागला नाहीं ते खडक लवकर सावरले. जवळच्या ग्वेर्नसी बेटावर लोकांनीं पाण्यावरून काढलेलें तेल दगडाच्या एका जुन्या खाणींत ओतलें. तें तेथेंच पुढें कित्येक दशकें पडून राहिलें. तेल काढणें ही एक गोष्ट आणि काढलेल्या तेलाची वाट लावणें ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे आम्हांस पुन्हा यावयाचें आहे.

ह्या अपघातानंतर राष्ट्रें जागीं झालीं. १९६९ सालीं तेलवाहू जहाजांच्या मालकांवर भरपाईची जबाबदारी घालणारा करार झाला, १९७३ सालीं जहाजांनीं समुद्र विटाळूं नये म्हणून दुसरा. १९८९ सालीं अलास्कांत 'एक्सॉन व्हॅल्डीझ' फुटलें, आणि १९९० सालीं आणखी एक करार झाला. त्याचा आशय असा कीं, तेल सांडल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां प्रत्येक राष्ट्रानें आधींच माणसें, यंत्रें आणि अधिकाराची वांटणी सिद्ध ठेवावी. भारत ह्या करारांत १९९७ सालीं सामील झाला.

आपल्याकडे हें संकट मुंबईच्या पाण्यांत हळूहळू जमत गेलें. तुर्भ्यास १९५४ व १९५५ सालीं तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने निघाले. १९७४ च्या फेब्रुवारींत 'सागर सम्राट' ह्या तरंगत्या यंत्रनौकेनें मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखालीं तेल शोधून काढलें. दोन वर्षांनीं तें निघूं लागलें, आणि पुढें तळावरून नळी टाकून उरणला येऊं लागलें. १९७८ सालीं तटरक्षक दलाचा कायदा झाला व १९८६ सालीं समुद्रावरील तेल आवरण्याचें काम ह्या दलाकडे सोंपविण्यांत आलें. त्यानंतर १७ मे १९९३ रोजीं ती उरणची नळी फुटली आणि कांहीं हजार टन तेल समुद्रांत गेलें. येथें महिना ध्यानांत घेण्यासारखा आहे. तरंगतें तेल वाऱ्याच्या वेगाच्या शेंकडा तीन इतक्या गतीनें वाऱ्यामागें जातें. मेच्या उत्तरार्धांत अरबी समुद्रावर वारा नैर्ऋत्येकडून बळावूं लागतो, म्हणजे तेलाचें तोंड आपोआप कोंकणाकडे वळतें. मुरुडच्या बाजूस तेल किनाऱ्यास लागलें, तें ह्याच कारणानें.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत समुद्रावरील तेलाच्या आपत्तीची राष्ट्रीय योजना मान्य झाली आणि १९९६ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत तेलाच्या वजनावरून तीन पायऱ्या केल्या आहेत. ७०० टनांपर्यंतचें तेल ज्या बंदरांत वा कारखान्यांत सांडेल त्यानेंच आवरावें. तेथून १०,००० टनांपर्यंत त्या भागांतील तटरक्षक दलाची शक्ति लागावी. त्यापलीकडे साऱ्या राष्ट्राची, आणि जरूर पडल्यास परराष्ट्रांचीहि. बंदराच्या हद्दींत बंदर जबाबदार, खुल्या समुद्रावर तटरक्षक दल, आणि किनाऱ्यावर राज्यसरकार. योजना चांगली आहे. तिची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु पहिल्या दोन ठिकाणीं ज्याच्या हातीं काम आहे त्याचें दुसरें काम समुद्राचेंच आहे. किनाऱ्यावर मात्र तें काम ज्या जिल्हाधिकाऱ्याकडे, नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे जातें त्यांस जमीनमहसूल, पाणीपुरवठा आणि शाळा पाहावयाच्या असतात. आणि तेल तर बहुधा किनाऱ्यावरच येऊन थांबतें.

समुद्रावर तेल धरण्याचीं साधनें मोजकींच आहेत. तरंगते बांध घालून तेल एका जागीं कोंडतात, दुधावरची साय काढावी तसें यंत्रानें तें वरच्यावर खेंचतात, किंवा द्रव्यें फवारून त्याचे बारीक थेंब करून पाण्यांत मिसळवितात. बांध शांत पाण्यांत उत्तम. परंतु ओढ वाढली म्हणजे तेल त्याखालून निसटतें, आणि पावसाळ्यांतील लाटा त्यास वरून ओलांडतात. फवारणीचा उपयोग पहिल्या दिवसादोनदिवसांत. पुढें तेलांत पाणी घुसळून त्याचा तपकिरी लगदा होतो, मूळच्या तेलाच्या तिप्पट-चौपट फुगतो आणि कोणत्याहि द्रव्यास दाद देत नाहीं. उथळ पाण्यांत, माशांच्या पैदाशीच्या जागीं, द्रव्यें फवारूंच नयेत हें 'टॉरी कॅन्यन'नें शिकविलेंच आहे. तात्पर्य, ज्या चार महिन्यांत वारा तेलास कोंकणच्या किनाऱ्यावर ढकलतो त्याच चार महिन्यांत समुद्रावरचीं साधनें सर्वांत दुबळीं असतात.

७ ऑगस्ट २०१० रोजीं सकाळीं ह्याची प्रचीति आली. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतून बाहेर पडणारें 'एमएससी चित्रा' आणि आंत येणारें 'खलिजिया ३' हीं जहाजें मुंबई बंदराच्या तोंडाशीं एकमेकांवर आदळलीं. 'चित्रा' कलली. तिच्यावर माल भरलेल्या बाराशें लोखंडी पेट्या होत्या. त्यांपैकीं शेंकडों समुद्रांत पडल्या, त्यांतल्या कांहींत शेतावर फवारण्याचीं विषें होतीं. पेट्या पाण्यांत तरंगूं लागल्यामुळें मुंबई व न्हावाशेवा हीं दोन्ही बंदरें सुमारें पांच दिवस बंद ठेवावीं लागलीं. 'चित्रा' तेलवाहू जहाज नव्हतें. तिच्या टाक्यांत होतें तें तिच्याच यंत्रास लागणारें जड तेल, सुमारें २,६०० टन. त्यांपैकीं ८०० टनांच्या आसपास समुद्रांत गेलें असा अंदाज झाला. म्हणजे योजनेच्या पहिल्या पायरीपेक्षां जेमतेम शंभर टन अधिक. तटरक्षक दलाचीं जहाजें व विमानें लगेच निघालीं, फवारणी झाली, गळती दोनतीन दिवसांत थांबली, आणि उरलेलें तेल पुढें काढून घेण्यांत आलें. समुद्रावरचें काम बऱ्यापैकीं पार पडलें असेंच म्हटलें पाहिजे.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी. १० ऑगस्टला आषाढी अमावास्या होती. त्या तिथीला देशावर घरोघर दिवे घांसून पूजतात. समुद्रावर त्याच तिथीला उधाण येतें. उधाणाच्या पाण्यावर बसून तेल खाड्यांत शिरलें आणि पाणी ओसरल्यावर तिवरांच्या बनांत बसलें. तिवराचीं मुळें चिखलांतून खुंटासारखीं वर येऊन श्वास घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला म्हणजे झाड आंतून गुदमरतें, आणि तें मेल्याचें कित्येक महिन्यांनीं कळतें. घारापुरी, उरण, अलिबाग, वाशीची खाडी, सर्वत्र हा काळा पट्टा दिसला. तेथें यंत्र जात नाहीं, होडी जात नाहीं; मनुष्य गेला तर त्याच्या पायांखालीं तेल चिखलांत आणखी खोल दडपलें जातें. पावसाळ्यांतील मासेमारीची बंदी संपत आली होती, नारळी पौर्णिमा २४ तारखेस होती. कोळी होड्या डागडुजी करून बसले होते. अशा वेळीं, मासळी तूर्त खाऊं नका, असा सल्ला सरकारकडून निघाला. सल्ला योग्यच होता. पण ज्या घरांत दोन महिने मिळकत नव्हती तेथें तो काय घेऊन गेला असेल ह्याची कल्पना शेतकऱ्यास तरी करून देण्याची जरूर नाहीं. हंगामाच्या तोंडीं बाजार बंद पडणें म्हणजे काय हें तो जाणतो.

भरपाई मागावयाची तर कायद्याची अडचण. १९६९ चा करार आणि त्याचें पुढचें रूप हें तेल वाहून नेणाऱ्या जहाजांपुरतें. इतर जहाजांच्या इंधनाचें तेल सांडल्यास भरपाई कशी द्यावी ह्याचा करार २००१ सालीं झाला होता, पण २०१० सालीं भारत त्यांत नव्हता. तो सामील झाला २०१५ सालीं. दरम्यान ४ ऑगस्ट २०११ रोजीं, जवळजवळ वाढदिवसालाच, 'रॅक कॅरियर' हें कोळशाचें जहाज साठ हजार टन कोळसा व तीनशेंहून अधिक टन इंधन घेऊन मुंबईपासून वीस सागरी मैलांवर बुडालें. त्या प्रकरणीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें १०० कोटि रुपयांची भरपाई ठरविली ती २०१६ सालीं. पुढें जानेवारी २०१७ त चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजें आदळलीं, आणि किनाऱ्यावरचा लगदा कोळी व विद्यार्थी बादल्यांनीं उपसत असल्याचीं चित्रें साऱ्या देशानें पाहिलीं. योजना प्रसिद्ध होऊन वीस वर्षें लोटलीं होतीं. बादली उचलणाऱ्यांचें आम्हांस कौतुक वाटतें; त्यांच्या हातांत बादली देऊन थांबलेल्यांचें वाटत नाहीं. २५ मे २०२५ रोजीं केरळच्या किनाऱ्यापुढें 'एमएससी एल्सा ३' बुडालें तेव्हांहि महिना मेच होता.

आतां खानदेशाकडे वळूं. येथील मोटारींस, ट्रॅक्टरांस आणि विहिरीवरील यंत्रांस लागणारें तेल बव्हंशीं मुंबईहून नळीनें मनमाडजवळच्या पानेवाडीस येतें व तेथून टँकरांनीं धुळें, जळगांव, नंदुरबार येथें जातें. जानेवारी २०२४ च्या आरंभीं टँकरचालकांनीं काम थांबविलें, तेव्हां दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या आणि हा दुवा साऱ्यांच्या ध्यानांत आला. ज्या जहाजांच्या भयानें उरणचा कोळी मे महिन्यांत आकाशाकडे पाहतो त्या जहाजांतलें तेल आपल्या शेतांत जळतें. घाण्याच्या काळीं हें म्हणतां आलें नसतें.

दुसरा दुवा तापीचा. समुद्रांत जाणारें तेल म्हटलें म्हणजे फुटलेलें जहाज डोळ्यांपुढें उभें राहतें; परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत उत्तर अमेरिकेच्या समुद्रांत जाणाऱ्या तेलाचा मोठा वांटा जमिनीवरून, रस्त्यांवरून आणि गटारांतून वाहून येणाऱ्या तेलाचाच दिसून आला आहे. धुळ्याचें पाणी पांझरेंतून तापीस मिळतें, जळगांवचें गिरणेंतून आणि वाघुरेंतून. गाडीचें जुनें तेल बदलून जो कारागीर तें गटारांत ओततो तो तापींतच ओततो. मध्यें उकाईचें धरण आहे, तेव्हां ह्यांतलें पुष्कळसें समुद्रास न पोंचतां गाळांत बसत असेल हें खरें. पण त्याच नदीचें पाणी खालीं सुरत पितें. हजिऱ्याहून निघून धुळें-जळगांववरून नागपुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर टँकर उलटला म्हणजे लोक हंडे-कळशा घेऊन धांवतात. तेल फुकट मिळतें हें दिसतें. एका ठिणगीचें भय दिसत नाहीं, आणि उरलेलें तेल कोणत्या नाल्यांत गेलें हें तर कोणी विचारीतच नाहीं. २००५ च्या कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यांत आपत्तिनिवारणाचें प्राधिकरण आहे. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत त्यानें तेलाची तयारी ठेवावी असें आपण म्हणतों. नदीकाठच्या जिल्ह्यांत ती नको असें म्हणण्यास आम्हांस तरी कारण दिसत नाहीं.

राहिला कापूस. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनंतर खानदेशची कीर्ति ह्याच पिकावर वाढली, आणि जळगांवास बाजारपेठ व गिरणी त्यानेंच दिली. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळें तो पाणी झिडकारतो आणि तेल धरतो. टेक्सास टेक विद्यापीठांतील शेषाद्रि रामकुमार व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्यावर प्रयोग केले. अपक्व, बारीक तंतूचा जो कापूस सूत कातण्यास कमी प्रतीचा ठरतो तोच तेल अधिक घेतो, आणि आपल्या वजनाच्या तीसपटीहून अधिक घट्ट कच्चें तेल धरून ठेवूं शकतो, असें त्यांस आढळलें. आपल्याकडे हंगामाच्या शेवटीं बोंडअळीनें खाल्लेल्या, अर्धवट उमललेल्या बोंडांतून जी 'कवडी' निघते तींत असा अपक्व तंतु पुष्कळ. व्यापारी ती नाक मुरडून घेतो. तिवरांच्या बनांत, जेथें यंत्र शिरत नाहीं तेथें, कवडी भरलेल्या लांब पिशव्या उधाणापूर्वीं खाडीच्या तोंडाशीं मांडून ठेवल्या तर काय होईल, हें करून पाहण्याजोगें आहे. ह्यानें सारें संकट टळेल असें आम्ही म्हणत नाहीं. तेल प्यालेल्या पिशव्या वेळेवर उचलाव्या लागतील, आणि उचलून ठेवाव्या कोठें हा ग्वेर्नसीच्या खाणीचा प्रश्न तेथेंहि आहेच. परंतु माल खानदेशचा आहे, स्वस्त आहे, कुजणारा आहे, आणि मे महिन्यापूर्वीं घरांत आलेला असतो.

ज्या वाचकांस हें खरें वाटत नसेल त्यांनीं घरीं एक परातभर पाणी घ्यावें, त्यावर चमचाभर तेल सोडावें, आणि शेतांतून आणलेल्या कापसाचा सरकी काढलेला बोळा त्यावर ठेवावा. तो तेल पिऊन वरच तरंगत राहतो. औषधाच्या दुकानांतला धुतलेला पांढरा कापूस तसाच ठेवून पाहावा. त्यांतलें मेण काढलेलें असतें, म्हणून तो पाणी पितो आणि बुडतो.